‘सगळं आधीच पाहिलंय’ म्हणून पटकथा फेकून देऊ नका

प्रश्न : मी पहिल्यांदाच पूर्ण लांबीच्या थ्रिलरची पटकथा लिहिली आहे. नायिका मृदुला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रात्रपाळीची टेक्निशियन आहे. एका मृत रुग्णाचा रिपोर्ट कुणीतरी बदललाय, हे तिच्या लक्षात येतं. ज्यांना ती गुरुस्थानी मानते त्या वरिष्ठ डॉक्टरांना ती हे सांगते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तिच्याच लॉगिनवरून बदलल्याचं उघड होतं आणि पोलिसांचा संशय तिच्यावर येतो. पुढे पाठलाग, ऐन वेळी मोबाईलची बॅटरी संपणं, ओंकार या तरुण सहकाऱ्याचा खून, सकाळपर्यंत सॅम्पल नष्ट होणार म्हणून धावपळ, तळघर, आणि शेवटी कळतं की ते डॉक्टरच गुन्हेगार. पटकथा मित्रांना वाचायला दिली. बहुतेकांचं म्हणणं एकच : ‘हे सगळं आधीच पाहिलंय.’ एकाने तर विसाव्या पानावरच डॉक्टरांना ओळखलं. या सगळ्या ठरीव गोष्टी काढून मी कुणीच न केलेलं काहीतरी लिहावं का? की शेवटी आणखी मोठा धक्का द्यावा?
– एक नवोदित पटकथाकार

उत्तर : दोन्ही करू नका.

पत्रासोबत पाठवलेली पटकथा मी पूर्ण वाचली. मित्रांना कंटाळा आला हे खरं आहे आणि ते मनावर घ्यायला हवं. पण कंटाळ्याचं त्यांनी सांगितलेलं कारण मला पटत नाही. आपलं लक्ष कुठे उडालं हे वाचणाऱ्याला अचूक सांगता येतं. का उडालं, याचं निदान करायला तो बसलेला नसतो. मग जे वर दिसतं त्यावर तो बोट ठेवतो : बॅटरी संपली, तळघर आलं, विश्वासातला माणूसच गुन्हेगार निघाला.

निरपराध माणसावर आळ येण्याचा साचाच घ्या. आल्फ्रेड हिचकॉकने तो ‘द लॉजर’ या 1927च्या मूकपटात वापरला. पुन्हा 1935मध्ये ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये, 1956मध्ये ‘द राँग मॅन’मध्ये आणि 1959मध्ये ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये. बत्तीस वर्षं एकाच दिग्दर्शकाने एकच साचा घेतला आणि लोक येत राहिले. थ्रिलरला येणारा माणूस काही अपेक्षा मनात धरूनच येतो. कुणीतरी एकटं पडेल, वेळ कमी पडेल, कुणावर विश्वास ठेवावा ते कळेनासं होईल. त्यातलं काहीच मिळालं नाही तर ‘वा, किती नवीन!’ असं म्हणत तो बाहेर पडणार नाही, तो चिडेल. तेव्हा साचे राहू द्या. प्रत्येक साचा एक काम करण्यासाठी जन्माला आला आहे आणि तुमच्या पटकथेत ते काम बऱ्याच ठिकाणी झालेलंच नाही, असं मला वाटतं. सगळ्यात मोठी अडचण डॉक्टरांपाशी आहे, म्हणून त्यावरच मी जास्त लिहिणार आहे.

तुमच्या मित्राने डॉक्टरांना विसाव्या पानावर ओळखलं. त्याने ते कोणत्या खुणेवरून ओळखलं, हे विचारलंत का? तशी एकही खूण पटकथेत नाही, मी शोधली. त्याने वजाबाकी केली. मृदुला, तिची आई, ओंकार, इन्स्पेक्टर आणि डॉक्टर, एवढीच माणसं. आई आजारी आहे, ओंकार भोळा आहे, इन्स्पेक्टर उघडपणे आडमुठा आहे. डॉक्टर मात्र नुसते चांगले आहेत. बाकी प्रत्येकाला कथेत काहीतरी करायला आहे आणि यांना केवळ मृदुलाच्या पाठीवर हात ठेवायचा आहे. सिनेमे पाहून सरावलेल्या माणसाला एवढं पुरेसं असतं. ज्या पात्राला दुसरं काही काम दिलेलं नाही त्याच्यासाठी शेवटचं काम राखून ठेवलेलं असतं, हे त्याला न शिकवता कळतं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डॉक्टरांना आणखी झाकायचं, खोट्या खुणा पेरायच्या, दोन-तीन संशयित वाढवायचे. तो रस्ता रहस्यकथेचा आहे. तिथे गुन्हा मागे घडून गेलेला असतो आणि ‘कुणी केलं’ हे शोधण्यात प्रेक्षकाची मजा असते. तुम्ही लिहिलेली गोष्ट त्या जातीची नाही. तुमच्या पहिल्या पानापासून धोका पुढे उभा आहे. इथे प्रेक्षकाच्या मनात ‘आता हिचं काय होणार?’ हा प्रश्न जळत राहायला हवा. तुम्ही नव्वद पानं त्याच्यापुढे कोडं ठेवलंत. तो कोडं सोडवत बसला, मग घाबरणार कधी?

दुसरा उपाय मला पसंत आहे : डॉक्टर गुन्हेगार आहेत हे प्रेक्षकाला लवकर सांगून टाका. तिसाव्या पानाच्या आसपास.

दचकू नका. 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तिच्यात हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, त्याआधीचं बोलणं वाया जातं. आता तोच प्रसंग घ्या, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय आणि तो एक वाजता फुटणार हेही त्याला ठाऊक आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. त्याच निरर्थक गप्पा आता असह्य होतात. पंधरा मिनिटं तो खुर्चीच्या काठावर बसून मनातल्या मनात ओरडत राहतो, ‘उठा रे, खाली बघा!’ हे उदाहरण पटकथा शिकवणाऱ्यांनी इतकं घोळवलंय की ऐकताना कान मिटतात. तरी ते लागू करायची वेळ आली की आपण सगळे कचरतो, कारण हातातलं रहस्य सोडवत नाही.

हिचकॉकने ते स्वतः सोडलं. ‘व्हर्टिगो’ (1958) ज्या कादंबरीवर बेतला आहे तिच्यात मुख्य गुपित शेवटापर्यंत दडवलेलं आहे. चित्रपटात मात्र ते साधारण दोन-तृतीयांशावर प्रेक्षकाला सांगून टाकलंय आणि नायक अंधारातच राहतो. तिथून पुढे ‘ही बाई कोण’ हा प्रश्न संपतो आणि ‘याला कळेल तेव्हा हा काय करेल’ हा सुरू होतो. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर जीतू जोसेफचा 2013चा मल्याळम ‘दृश्यम’ पाहा, किंवा निशिकांत कामत यांनी 2015मध्ये केलेला हिंदी. खून कुणाच्या हातून, कसा आणि का झाला, हे तिथे आपल्या डोळ्यांसमोर घडतं. तरी पोलीस घरातल्या धाकट्या मुलीला प्रश्न विचारायला लागतात तेव्हा आपल्याच घशाला कोरड पडते. माहिती दिल्याने ताण गेला नाही, माहितीनेच तो आला. आणि त्या घरातल्या बापाने लपवलेली एक गोष्ट दिग्दर्शकाने अगदी शेवटापर्यंत हातची राखली आहे, हेही ध्यानात घ्या. सगळं सांगा असं मी म्हणत नाही. काय सांगायचं आणि काय राखायचं, ते निवडा.

आता तुमचाच प्रसंग घेऊ. पान 34, डॉक्टरांची केबिन. मृदुला त्यांना रिपोर्टबद्दल सांगते. तुमचे संवाद असे आहेत :

‘सर, तो रिपोर्ट कुणीतरी बदललाय.’
‘तुझी खात्री आहे?’
‘हो सर. माझ्याकडे त्याच पेशंटची दुसरी ट्यूब आहे.’
‘कुठे ठेवलीस?’
‘कोल्ड रूममध्ये. तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही, सर.’

आज हा प्रसंग निव्वळ माहिती पोहोचवतो. दोन सज्जन माणसं बोलताहेत, आपण ऐकतोय. मित्रांनी इथे पान उलटलं असेल. आता या प्रसंगाच्या आधी अर्ध्या पानाचा, एकही शब्द नसलेला प्रसंग घाला. रात्रीचे अडीच. लॅब रिकामी. डॉक्टर मृदुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसतात, कीबोर्ड उचलतात. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरातला पासवर्ड आहे. ते टाइप करतात. स्क्रीनवर मृदुलाचं नाव येतं. एक आकडा खोडून दुसरा भरतात, लॉगआउट करतात आणि कीबोर्ड होता तसा, काठाला काठ लावून ठेवतात.

आणि मग केबिनचा प्रसंग. संवादातला एक शब्दही बदलू नका. ‘कुठे ठेवलीस?’ हा आता भयंकर प्रश्न झाला. तो विचारताना डॉक्टरांनी मान वर करायची गरज नाही. ते फाइलवर सह्या करत असावेत आणि त्या प्रश्नाआधी पेन क्षणभर थांबावं, एवढं पुरे. मृदुलाचं ‘तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही’ हे वाक्य तर तुम्ही तिची निष्ठा दाखवायला लिहिलं असणार. तेच आता तिच्या गळ्याशी आलंय. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात शिपाई सहीसाठी आणखी एक फाइल घेऊन आत आला, तर तो सही घेऊन जाईपर्यंतचा वेळ प्रेक्षकाला जन्मभर वाटेल. यात बंदूक नाही, पाठलाग नाही. पार्श्वसंगीतही नको.

एक जोडफायदाही होतो. डॉक्टरांना आता काम मिळतं. ते प्रत्येक प्रसंगात काहीतरी करताहेत, लपवताहेत, मृदुलाच्या दोन पावलं पुढे राहायला धडपडताहेत. नुसता चांगुलपणा गेला आणि माणूस आला. त्यांना खरोखर मृदुलाबद्दल माया आहे असं ठेवा, तर फारच उत्तम. मायाळू माणसाने नाइलाजाने केलेला विश्वासघात दुष्टाच्या कारस्थानापेक्षा जास्त बोचतो.

आता मोबाईल. एके काळी टेलिफोनची तार कापली की काम भागायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि थ्रिलर लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे तो आडवा येतो. तुम्ही 58व्या पानावर बॅटरी संपवलीत. का संपली? कारण तिने फोन केला असता तर तुमची गोष्ट तिथेच संपली असती. प्रेक्षकाला हे लगेच दिसतं. मदतीची वाट बंद करणं हे या साच्याचं काम. ती वाट लेखकाने बंद केली की राग येतो. जागेने, व्यवसायाने किंवा स्वभावाने बंद केली की भीती वाटते.

तुमच्याकडे तर आयती जागा आहे. कोल्ड रूमच्या धातूच्या जाड भिंतींत फोनला रेंज मिळत नाही. हे आठव्या पानावर, काही बिनसलेलं नसताना दाखवा : मृदुला रॅक लावतेय, आईचा फोन येतो, आवाज तुटतो, ती वैतागून बाहेर येऊन बोलते. प्रेक्षक ते विसरून जाईल. मग 58व्या पानावर तिला त्याच दारामागे उभी करा. ‘रिअर विंडो’ (1954)मध्ये नायक फोटोग्राफर आहे, पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीतून उठता येत नाही. शेवटी हल्लेखोर खोलीत शिरतो तेव्हा तो कॅमेऱ्याचे फ्लॅशबल्ब उडवून त्याचे डोळे दिपवत राहतो. पळता न येणं त्याच्या अपघातातून आलंय आणि हत्यार त्याच्या धंद्यातून. ऐन वेळी कुणी बंदूक आणून दिलेली नाही. तुमचं तळघर त्यामुळे आपोआप रद्द होतं, कारण लॅबला तळघर असण्याचं काही कारण तुम्ही दिलेलं नाही आणि कोल्ड रूम ते काम जास्त चांगलं करते.

याहून कठीण पण सुंदर वाटही आहे. फोन चालू ठेवा, रेंजही पूर्ण ठेवा. पण ती कुणाला लावणार? पोलिसांच्या दृष्टीने रिपोर्ट तिनेच बदललाय. डॉक्टरांवर तिचा अजून विश्वास आहे, म्हणजे ती त्यांनाच लावेल आणि प्रेक्षक हताश होऊन बघत राहील. दोन्ही वाटा लिहून पाहा. मी दुसरी घेतली असती.

पोलिसांचंही यातच आलं. तुमचा इन्स्पेक्टर मृदुलाचं ऐकत नाही, कारण तो उद्धट आहे. हे फार तोकडं कारण आहे. त्याला हुशार करा, सभ्य करा. त्याच्यासमोर कॉम्प्युटरमधली नोंद आहे : कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, कोणता आकडा बदलला. त्या पुराव्यावर कुणीही शहाणा माणूस मृदुलालाच धरेल. त्याचं बरोबर आहे आणि तरी तो चुकतोय, अशी ती अडचण हवी. मग शेवटी त्याचं मत बदलतं तेव्हा त्यालाही काहीतरी किंमत मोजावी लागते.

वेळेच्या बंधनाबद्दल थोडक्यात. ‘सकाळपर्यंत’ हा शब्द ढिला आहे. ‘स्पीड’ (1994) आठवा. बसचा वेग ताशी पन्नास मैलांच्या वर गेला की बॉम्ब जागा होतो आणि त्याखाली आला की फुटतो. नियम एका वाक्यात सांगून होतो आणि पुढे तो प्रत्येक क्षणी काट्यावर दिसतो. समोर वाहतूक दाटली की कुणी समजावून न सांगता आपण ताठ होतो. तुमच्या लॅबमध्येही असा नियम आहेच. तपासून झालेली सॅम्पल्स काही दिवस थंड ठेवतात आणि मुदत संपली की टाकून देतात. कचऱ्याची गाडी सकाळी सहाला येते असं ठरवा. पहिल्या दहा पानांत ती एकदा नेहमीसारखी येऊन जाऊ द्या, पिशव्या चढताना दिसू द्या, ड्रायव्हरला दोन शब्द बोलू द्या. पुढे त्या गाडीचा नुसता हॉर्न पुरेल. आणि जमलं तर त्या दिवशी ती वीस मिनिटं आधी येऊ द्या.

रिपोर्टमध्ये नेमकं काय बदललं, यावर तुम्ही सलग सहा पानं खर्च केली आहेत. रसायनं, मात्रा, औषध कंपनी, सगळं. मेहनत दिसते, पण ती पानं अर्ध्या पानावर आणा. सगळे ज्याच्या मागे धावतात त्या वस्तूला हिचकॉक मॅकगफिन म्हणायचा आणि ती नेमकी काय आहे याला फार महत्त्व द्यायला तयार नसायचा. ‘नटोरियस’ (1946)मध्ये ती दारूच्या बाटल्यांत लपवलेलं युरेनियम आहे. त्याची तांत्रिक बाजू कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती तळघराची किल्ली मुठीत लपवून पार्टीत वावरणारी बाई. तुमच्या प्रेक्षकाला एवढंच कळू द्या की खरा आकडा बाहेर आला तर डॉक्टर बुडतात आणि ट्यूब गेली तर मृदुला.

ओंकारच्या मृत्यूबद्दल मला काळजी वाटते. तो पान 70वर मरतो आणि त्याआधी सलग सात पानं तुम्ही आम्हाला त्याच्या जिवासाठी तिष्ठत ठेवलंय. तो हसतमुख आहे, त्याच्या बहिणीची परीक्षा आहे, तो लिफ्टची वाट पाहतोय. आणि तुम्ही त्याला मारता. ‘सॅबोटाज’ (1936)मध्ये एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन शहरभर फिरतो, बराच वेळ आपला जीव टांगणीला लागतो आणि शेवटी बॉम्ब खरंच फुटतो. त्या प्रसंगावर प्रेक्षक संतापले आणि आपली ती चूक होती असं हिचकॉकने नंतर बोलून दाखवलं. ताण इतका वाढवल्यावर माणसाला सुटकेचा श्वास हवा असतो. तो नाकारून वर मृत्यू दिलात तर त्याचा राग खलनायकावर न जाता तुमच्यावर येतो. ओंकारला वाचवा आणि जखमी करा, किंवा मारायचाच असेल तर ती सात पानं काढा आणि तो अवचित जाऊ द्या. दोन्ही एकत्र नको.

अंधारात मांजर उडी मारतं तो प्रसंग काढून टाका. त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिला शेवट. सध्या डॉक्टर बंदूक रोखून चार पानं आपला गुन्हा सविस्तर सांगतात. प्रेक्षकाला शेवटी सगळं समजावं म्हणून खलनायकाला असं बोलायला लावायची जुनी रीत आहे. डॉक्टर आधीच उघड झाले की त्या भाषणाची गरजच संपते. मग समोरासमोर आल्यावर ते काय बोलतील? माझी सूचना अशी : त्यांनी सौदा मांडावा. ओंकार जखमी आहे, बेशुद्ध आहे. सगळं त्याच्या नावावर घालू, तू सुटशील, नोकरी राहील, आईचे उपचार मी बघेन. आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे बोलावं. मृदुलाच्या हातात ती ट्यूब आहे आणि बाहेर गाडी आलेली आहे. आता ती काय करते हे मला खरोखर बघायचंय. बंदुकीपुढे तिला निवड नव्हती, इथे आहे.

धक्का हवाच असेल तर एक राखून ठेवा, पण डॉक्टरांबद्दल नको, मृदुलाबद्दल ठेवा. पासवर्डची ती चिठ्ठी तिने कीबोर्डखाली का ठेवली होती? समजा, गर्दीच्या रात्री तिच्याऐवजी ओंकारने रिपोर्ट भरावेत म्हणून. नियम तिने मोडला होता आणि ते ती इन्स्पेक्टरपासून पहिल्या दिवसापासून लपवतेय, कारण ते सांगितलं तर नोकरी जाईल. म्हणजे ती पूर्ण निर्दोष नाही. ती चिठ्ठीबद्दल पहिल्याच दिवशी बोलली असती तर संशय दुसऱ्या कुणावर तरी गेला असता. हे शेवटी कळलं की प्रेक्षक मागचे प्रसंग आठवू लागतो : ती इन्स्पेक्टरसमोर अडखळली ती भीतीने नव्हे तर याच्यामुळे, ओंकारशी ती इतकी मऊ वागली ती यामुळे. पटकथा शेवटापासून मागे वाचून पाहा. असा प्रत्येक प्रसंग दोन्ही अर्थांनी खरा ठरला पाहिजे. एका जागी जरी मृदुला एकटी असताना, कुणी पाहत नसताना, आपल्याला काही ठाऊक नसल्यासारखी वागली, तर ती प्रेक्षकाची फसवणूक झाली. तो प्रसंग बदला.

कामाला बसताना एक करा. प्रत्येक प्रसंगाच्या समासात तीन ओळी लिहा : या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, मृदुलाला काय, डॉक्टरांना काय. सध्याच्या मसुद्यात या तिन्ही ओळी लागोपाठ कित्येक पानं सारख्याच निघतील, निदान पान 22 ते 40 नक्कीच. मित्रांची तक्रार तिथे सुरू झाली असणार. जिथे तिघांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे तिथे प्रसंग स्वतःहून तापतो. तिघांना सारखंच ठाऊक असेल तिथे पाठलाग घाला, पाऊस घाला, संगीत वाढवा, फरक पडणार नाही.

नवा मसुदा झाला की आधीच्याच मित्रांना देऊ नका, त्यांना आता बरंच ठाऊक झालंय. दुसऱ्या कुणाला द्या आणि ‘गुन्हेगार ओळखलात का?’ असं मुळीच विचारू नका. वाचताना ते कोणत्या पानावर उठले, फोन पाहिला, पाणी प्यायला गेले, एवढं फक्त पेन्सिलने समासात खूण करून ठेवायला सांगा. त्या खुणांसकट पटकथा पुन्हा पाठवलीत तर मी ती आवडीने वाचेन. केबिनचा प्रसंग मला आधी हवा आहे.